शालिकजी पॉवर बँक जुंपून पाहतात

आमच्या शेजारचे शालिकजी कोणतीही नवी वस्तू घेताना आधी तिच्या पाठीवर थाप मारतात. टेबल फॅन असो, प्लास्टिकची खुर्ची असो, प्रेशर कुकर असो. थाप मारायची, दोन पावलं मागं सरायचं, डोळे बारीक करून चारी बाजूंनी पाहायचं आणि दुकानदाराला विचारायचं, "कामाले कसा हाय?" कुकरच्या वेळी दुकानदार म्हणाला, "एकदम भारी. शिट्टी जोरात मारतो." तर हे म्हणाले, "शिट्टी मारू दे गा. लाथ त नाई मारत?"

उभा जन्म त्यांनी बैलांच्या दलालीत काढला. अड्याळपासून पवनीपर्यंत कोणाच्या गोठ्यात कोणता बैल आला, तो चिखलात कसा चालतो, हे त्यांना त्या बैलाच्या मालकापेक्षा जास्त ठाऊक असायचं. आता धानाच्या बांध्यांमध्ये ट्रॅक्टर फिरतात, बैलबाजार आटला, पण शालिकजींचा हात काही रिटायर व्हायला तयार नाही. आमच्या शाळेत नवा संगणक आला तेव्हा त्यालाही ते थाप मारून गेले. तो त्याच दिवशी बंद पडला आणि त्याचा खुलासा मला लिहावा लागला, कारण मी तिथली मास्तरीण. थाप कोणी आणि का मारली, हे सरकारी भाषेत कसं लिहायचं सांगा!

त्यांची दुसरी सवय याहून तऱ्हेवाईक. ते सुनेशी बोलत नाहीत. भांडण नाही, राग नाही. सासऱ्यानं सुनेशी तोंडासमोर बोलायचं नाही, अशी त्यांच्या घरची जुनी रीत. "सुनेचा मान ठेवा लागते, मॅडम," असं ते मला सांगतात. ठेवा बापा मान, पण घरात निरोप तर पोचवावेच लागतात ना? मग शालिकजी मांजरीशी बोलतात. सून अश्विनी खोलीत लॅपटॉपवर काम करत असली की हे ओसरीत बसून मांजरीला खणखणीत आवाजात विचारणार, "का वं मने, दिवसभर त्या डब्ब्यापुढं बसून लोकाइचे डोळे नाई का जाइन?" मांजर बाहेर गेली असेल तर पाण्याच्या रांजणाला विचारणार. टमाट्याची भाजी करावी की वांग्याची, यावर त्यांनी रांजणाशी बराच वेळ वाद घातलेला मी कुंपणावरून स्वतः ऐकला आहे. रांजण हरला.

अश्विनी नागपूरची. पुण्यातल्या कुठल्याशा कंपनीचं काम ती घरून करते. तिचा नवरा मंगेश पवनीला नोकरीला, सकाळी जातो तो संध्याकाळी येतो. उन्हाळ्यात लाइट गेली की अश्विनीच्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी लगेच मान टाकते आणि ही ऐन मीटिंगमधून गायब. इंटरनेट मोबाइलचं असतं, ते चालू राहतं, पण लॅपटॉपच झोपला तर इंटरनेट चाटायचं आहे का? शेवटी मंगेशनं घरात सांगून टाकलं, "असंच चाललं तर आम्ही नागपूरले खोली करतो. मी तिथून जाणंयेणं करीन."

त्या दिवशी शालिकजी माझ्या दारात येऊन उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"मॅडम, सून जातो म्हणते. ती गेली का घर खायाले उठन. त्या डब्ब्याले चारापाणी देणारं काही भेटते का बाजारात?"

"भेटतं ना, काकाजी. पॉवर बँक म्हणतात त्याला. पण लॅपटॉपचा वेगळा असतो. अश्विनीचा लॅपटॉप घेऊन दुकानात जा."

"तिले मागू कसा?"

"तोंडानं!"

शालिकजींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना विहिरीत ढकलत होते. "तुमच्यापाशी हाय ना एक डब्बा? थोच घ्या. सगळे डब्बे सारखेच."

मी गेले. काय करणार? सुट्ट्या होत्या, आणि खरं सांगायचं तर मला मजा पाहायची होती.

बसस्टँडजवळ नरेशचं मोबाइलचं दुकान आहे. नरेश फार शांत माणूस, निदान त्या दिवसापर्यंत होता. त्यानं एक पॉवर बँक काढून दिला. शालिकजींनी तो तळहातावर तोलला, थाप मारली, वास घेतला, मग वायर लावायची भोकं मोजली.

"दोन दाती हाय, म्हंजे जवान. मालक काहून विकून राहिला?"

"काकाजी, मीच मालक. दुकान आहे माझं."

"खोड सांग."

"काही खोड नाही. वीस हजार एमएएच आहे, पाहा, वरच लिहिलं आहे."

"थे त कोणीबी लिवन. जुंपून दाखव."

माझा लॅपटॉप काउंटरवर ठेवून वायर जोडली. काही नाही. लॅपटॉपला पत्ताच नाही की कोणी काही दिलं. तो पॉवर बँक मोबाइलपुरता होता. शालिकजी नरेशवर उखडले. "बसका हाय गा हा! चिखलात बसणारा जनावर मले देऊन राहिला?"

मी मध्ये पडले. एमएएच म्हणजे आत साठा किती, वॅट म्हणजे तो किती जोरानं बाहेर देतो, फोनला थोडे वॅट पुरतात, लॅपटॉपला पासष्टच्या आसपास लागतात, असं सगळं पाचवीच्या वर्गाला सांगावं तसं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"म्हंजे एमएएच पोट, अन् वॅट खांदा."

"हो, तसंच समजा."

"मंग खांदा दाखव ना बाप्पा! कवाचा पोटच दाखवून राहिला!"

नरेशनं एक भलामोठा काढला. त्याची किंमत ऐकून शालिकजींनी त्याला लांबूनच हात जोडले. "हा मोठ्या घरचा हाय. आपल्या गोठ्यात नाई राहाचा." मग मधला निघाला, पासष्ट वॅटचा, परवडेल असा. तो जोडल्याबरोबर लॅपटॉपचा दिवा लागला. तेवढ्यानं होतंय का? "पहिल्या तासाले सगळेच चालतेत," म्हणून शालिकजी स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले. दुकानात माणसं जमली. एकानं चाल बरी आहे म्हणून सांगितलं. दुसऱ्यानं अंगाला हात लावून पाहिला आणि "तापते थोडा, पण धापत नाई," असं मत दिलं. नरेशची जेवायची वेळ टळून गेली.

शेवटी भाव. शालिकजींनी खांद्यावरचा दुपट्टा काढून नरेशच्या हातावर टाकला आणि खालून त्याची बोटं दाबायला लागले. बैलबाजारात सौदा असाच होतो, चारचौघांना आकडा कळू न देता. नरेश बिचारा माझ्याकडे वळला.

"मॅडम, हे माझा हात कायले दाबून राहिले?"

"भाव करताहेत."

"भाव तर डब्ब्यावर छापला आहे!"

शालिकजींनी अंगठा दाबून धरला. नरेशनं भाव उतरवला. मला वाटतं हात सोडवून घ्यायलाच उतरवला असेल.

घरी यशोदाबाईंनी, म्हणजे शालिकजींच्या बायकोनं, दारातच पॉवर बँकवर पाणी शिंपडलं, कुंकू लावलं, त्याच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि सोमवारपर्यंत त्याला देवघरात बसवलं. जुंपायचा तो सोमवारीच. अश्विनीला यातलं कोणी काही सांगितलं नाही. शालिकजी सांगू शकत नव्हते आणि मांजर बोलत नाही.

सोमवारी भर दुपारी लाइट गेली. मी घरात घामाघूम होऊन बसले होते, तेवढ्यात कुंपणापलीकडून हाक आली, "मॅडम! लवकर या! सुनेले देऊन द्या हे!" शालिकजी पॉवर बँक दोन्ही हातांत धरून तिच्या खोलीच्या उंबऱ्याशी उभे होते. आत जायची त्यांची हिंमत होत नव्हती. मी घेतला, आत धावले. अश्विनी हेडफोन लावून घाईघाईत कोणाला तरी आकडे सांगत होती. मी वायर पुढं केली आणि कपाळावर हात मारला. तिच्या जुन्या लॅपटॉपचं भोक गोल. आमची वायर चपटी.

लॅपटॉप विझला. मीटिंग गेली.

मी बाहेर येऊन शालिकजींवर ओरडलेच. "काकाजी, तिच्या लॅपटॉपचं भोक गोल आहे! एवढा बाजार केलात, पण ज्या लॅपटॉपला जुंपायचं तो कोणी पाहिलाच नाही!"

"मी कसा पाहू?" ते एवढंच बोलले.

मागोमाग अश्विनी आली. डोळे भरलेले. कुंकू लागलेला पॉवर बँक माझ्या हातात पाहून तिला काही कळेना. "राहू द्या, मॅडम," ती मला म्हणाली. "एक तारखेपासून आम्ही नागपूरलाच जातो. यांच्याही डोक्याचा ताप जाईल."

शालिकजींनी इकडंतिकडं पाहिलं. मांजर नव्हती. मग माझ्याकडे वळले. "मॅडम, तिले सांगा..."

"मी नाही सांगणार," मी म्हटलं. मला खरंच राग आला होता. "मी काय रांजण आहे? तुमची सून समोर उभी आहे. तुम्ही सांगा."

यशोदाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनीही नवऱ्याला सोडवलं नाही. शालिकजींनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं, मान खाली घातली, आणि जमिनीकडे पाहत बोलले, पण बोलले.

"नको जाऊ, बाई."

अश्विनी दचकलीच. तिच्या लग्नानंतरची दुसरी दिवाळी येऊन गेली होती, आणि हा आवाज तिच्याकडे पहिल्यांदा वळला होता.

"मामाजी," ती म्हणाली, "लाइट तर नागपूरलाही जाते. मी लाइटसाठी नव्हते जात. तुम्ही माझ्याशी बोलत नाही, अन् मांजरीला सांगून सांगून दिवसभर टोमणे मारता. मला वाटलं, मी घरात नकोच आहे तुम्हाला."

"टोमणे?" शालिकजींनी मान वर केली. असं घाबरलेलं तोंड मी त्यांचं कधी पाहिलं नव्हतं. "कोणते टोमणे? बाप्पा, मी त तुया डोळ्याइची फिकर करून राहिलो होतो!"

अश्विनीच्या माहेरी अशी काही रीत नव्हती, आणि इथं तिला कोणी सांगितलं नव्हतं. सासूला वाटलं सुनेला ठाऊक असेल, मंगेशला वाटलं आईनं सांगितलं असेल. सगळ्या घराला सुनेचा मान माहीत होता, फक्त सुनेला नव्हता. अश्विनी आधी हसली आणि मग त्याच तोंडानं रडायला लागली. गोल पिनेची वायर नरेशकडे सुटी मिळते, ती मी संध्याकाळी आणून देते, असं मी काहीबाही बोलत होते. माझ्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. तिनं पदर नव्हता म्हणून ओढणीनं डोळे पुसले आणि मंगेशला फोन लावला. "खोलीवाल्याला नाही म्हणून सांगा," एवढंच बोलून ठेवून दिला.

शालिकजी खांबाला धरून उभे, ती उंबऱ्यावर. इतक्या दिवसांचं साठलेलं म्हातारा आता काय बोलतो, म्हणून मीही कान देऊन उभी राहिले. ते दोनदा खाकरले.

"जेवली का तू?"

"नाही, मामाजी. सकाळपासून मीटिंगच होती."

"मंग जेव ना, माय," शालिकजी म्हणाले आणि स्वतःच पाट आणायला आत गेले.