दाभाडे सरांचं फोमचं हवाई दल

आमच्या अंबडच्या कॉलनीत कुणी नवीन वस्तू घेतली की ती दाभाडे सरांच्या नजरेला पडू नये म्हणून धडपडतो. दृष्ट लागण्याची भीती नाही. सर एकच प्रश्न विचारतात, "तासाचा खर्चा किती?"

मी जुनी कार घेतली तेव्हा मूर्खासारखा आपणहून पेढे घेऊन गेलो. सरांनी पेढा खाल्ला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलंच. मी मायलेज सांगितलं. "मायलेज न्हाई विचारलं. विमा, टायर, सर्व्हिसिंग, सगळं जोडा. मंग वर्षात गाडी किती तास चालती, त्यानं भागा." हे गणित माझ्या बायकोने केलं. त्या दिवसापासून आम्ही जालन्याला एसटीने जातो, आणि माझ्यासारख्या कोर्टातल्या कारकुनाला चालणं चांगलं असतं असं ती म्हणते.

सर ज्युनियर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाले आणि लढाऊ विमानांच्या खर्चाच्या मागे लागले. बजेटच्या दिवशी सगळी कॉलनी इन्कम टॅक्सकडे डोळे लावून बसते, सर संरक्षण खात्याकडे. "विमान घेणं ही खरेदी न्हाई, सोयरीक हाय," ते सांगतात. "इंजिन त्यांचं, मंग पानाबी त्यांचाच, शिकवणारा माणूसबी त्यांचाच. नातवंडापर्यंत निस्तरा. अन् पेपरवाले नुसता लग्नाचा खर्चा छापून राह्यले. घ्या ना विमान, मी कुठं नको म्हणतो? पण उडवायला पैसा ठेवा."

स्वस्तात हवाई दल कसं उभं राहतं हे देशाला दाखवायला सर फोमची जेट विमानं बनवतात. आपण "जयभीम सर" म्हणत आत जावं, तर उत्तर येतं, "जयभीम. बसा. तिथं न्हाई, तिथं पंख वाळून राह्यलाय." फोमच्या मोठ्या शीट ते जालन्याहून एसटीने आणतात. एकदा कंडक्टरने शीटचं तिकीट मागितलं, तर सरांनी पायातली चप्पल काढून दाखवली. शीट चपलेपेक्षा हलकी आहे, आधी चपलेचं तिकीट फाडा. अंबड येईपर्यंत तो वाद चालला. विमानाला रंग मात्र ते लावत नाहीत. रंग म्हणजे वजन आणि वजन म्हणजे खर्चा.

पण हे विमान एकट्या माणसाला उडवता येत नाही. एकाच्या हातात रिमोट लागतो, आणि दुसऱ्याने विमान डोक्यावर धरून चार पावलं पळायचं आणि सरळ फेकायचं. ही दुसरी व्यक्ती म्हणजे सरांच्या पत्नी, दाभाडे बाई. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांची उभी हयात गेली. हे नवरा-बायको घरातसुद्धा एकमेकांना सर आणि बाई म्हणतात. रविवारी सकाळी गावाबाहेरच्या पडीक माळावर बाई पदर खोचून अशा पळायच्या की पोरंटोरं टाळ्या वाजवायची.

मागच्या वर्षी बाईंना झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं परत आलं, डाव्या हातात काठी धरून त्या चालूही लागल्या, पण उजवा पाय ओढत. घराबाहेर पडायचं मात्र त्यांनी सोडलं. माझ्या बायकोला म्हणाल्या, "आता माझं काय काम बाहेर?"

मी सरांना म्हटलं, मी फेकतो विमान. सर म्हणाले, "तुमचा हात वाकडा हाय." दुसऱ्या दोघांनाही त्यांनी असंच उडवून लावलं. मग ठिबकच्या जुन्या पाइपांचा एक तिरपा सांगाडा अंगणात उभा केला. त्यावर विमान, मागे ताणलेलं रबर, आणि खाली पायाशी एक फळी. फळी दाबली की रबर सुटायचं आणि विमान हवेत. पहिल्याच आठवड्यात ते झकास उडालं. मी म्हटलं, झालं काम. सरांनी सगळं मोडून पुन्हा बांधलं. फळी जड लागते म्हणाले. असे सात सांगाडे झाले. फळी इतकी हलकी होत गेली की वाऱ्यानेही विमान सुटायचं. माणूस कामातून गेला, असं मी उघड बोलायला लागलो.

एका सकाळी माझी कोंबडी कुंपणातून त्यांच्या अंगणात शिरली आणि त्या फळीवर चढली. विमान सुटलं ते माझ्या दोरीवरच्या, कोर्टात घालायच्या पांढऱ्या शर्टातून आरपार. मी तावातावाने भांडायला गेलो. सर कोंबडी पिशवीत घालून तिचं वजन करत होते, तोंडभर हसत.

"कोंबडीच्या वजनानं सुटलं. बघितलं का तुम्ही?"

"सर, एवढं हलकं कशाला पायजे? माणसाचा पाय हाय का कोंबडीचा?"

सरांनी घराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "बाईचा उजवा पाय तेवढाच दाबतो. काट्यावर ठेवून बघितला. डॉक्टरनं वजन करायला सांगितलंय, असं खोटंच बोललो तिला."

"डावा चांगला हाय की त्यांचा."

"डावा उचलला तर पडंल ना ती. अन् बसून करायची न्हाई, उभ्यानंच करंल. मला माहिती हाय."

मला माझी लाज वाटली. शर्टाचं बोलायचं राहूनच गेलं.

वाऱ्याने सुटू नये म्हणून फळीला सरांनी एक खिळा लावला, आयत्या वेळी काढायचा. बाईंना तयार करायला तीन रविवार गेले. लोक बघतील म्हणायच्या. सर रोज एकदा विचारायचे आणि नाही ऐकून घ्यायचे. चौथ्या रविवारी रिक्षा आणली, टपावर सांगाडा बांधला. माळावर मी, ते दोघं, आणि पलीकडे कुणाचा तरी कापूस.

सरांनी खिळा काढला. बाईंनी पाय उचलायला घेतला, तो घसरला. परत घसरला. मी पुढे झालो, तर सरांनी डोळे वटारले. तिसऱ्यांदा पाय फळीवर आला आणि विमान सुसाट वर गेलं. मी बघतच राहिलो. पण ते डावीकडे कललं, खाली यायला लागलं, तरी कुणी आवरेना. वळून बघतो, तर सरांच्या हातात रिमोट, आणि नजर बाईंवर.

"सर, माझ्याकडं काय बघून राह्यले? वर बघा," बाई ओरडल्या. तोवर विमान कापसात नाकावर आदळलं होतं.

"जाऊ द्या," सर म्हणाले. त्यांच्या गालांवर पाणी होतं, आणि माझ्याही, खोटं कशाला बोलू.

"जाऊ द्या कसं?" बाई काठी टेकत, पाय ओढत कापसाकडे निघाल्यासुद्धा. "कुठं पडलं ते मी बघितलंय. चला माझ्या मागं."

सर मुकाट्याने त्यांच्या मागे निघाले.