ठोंबरेसाहेबांचा बाड्या आणि निळा ठिपका

ठोंबरेसाहेब शर्टाच्या खिशात पेनाऐवजी जाडी मोजायचा व्हर्निअर ठेवत. नागापूरच्या आमच्या कारखान्यात ते तपासणी खात्याचे प्रमुख. सुटे भाग मोजणं हा त्यांचा धंदाच, पण माणूस बाहेरसुद्धा थांबत नसे. नेवाशाला एका लग्नात त्यांनी पंगतीत बसून जिलबीची जाडी मोजली आणि ताट परत केलं. तो आचारी तेव्हापासून दाढी वाढवून हिंडतो म्हणतात. "आधी टेस्ट, मग बोला," हे साहेबांचं पालुपद. त्यांना घातलेला नमस्कारही तपासून झाल्यावरच परत मिळे.

बायको जाऊन सहा वर्षं झालेली, एकुलती सुनंदा अमेरिकेत. साहेब दिवेलागण झाली तरी कारखान्यातच रेंगाळत. मग जावयाची वर्षभरासाठी दुसऱ्या देशात बदली झाली, तिथल्या घरात कुत्रा चालेना, म्हणून त्यांचा बडी विमानानं आला. सुनंदा त्याला सोडायला आली ती दोनच दिवस राहून गेली. गल्लीनं आठवड्यात बडीचा बाड्या केला आणि साहेब पाचच्या भोंग्याला गेटबाहेर पडू लागले. भोंगाच त्यांना बघून वाजतो, असं आम्ही म्हणायचो.

दोन महिन्यांत बाड्या लंगडायला लागला. आज पुढचा डावा पाय, परवा मागचा उजवा. वॉचमन बबननं निदान केलं, "लई हुशार हाय ह्ये. येकाच पायावर लोड नको म्हनून पाळ्या लावल्यात."

फोनवर सुनंदा मात्र घाबरली. "बाबा, हा लाइम रोग असणार. अमेरिकेत गोचीड चावून होतो. रक्तात अँटिबॉडी आहेत का ते बघा. टेस्ट निगेटिव्ह आल्याशिवाय मी त्याला पुन्हा विमानात घालणार नाही." आणि एका ओळखीच्या माणसाबरोबर तिनं टेस्टचा किट धाडला.

टेस्ट साहेबांच्या स्वयंपाकघरात झाली. एरवी म्हशी तपासणारे डॉक्टर रक्ताचे थेंब टाकत होते, मी बाड्याची मान धरून होतो. "हा ठिपका निळा झाला की किट चांगला. तो दुसराही झाला, तर अँटिबॉडी आहेत," डॉक्टर म्हणाले. वाट बघता बघता माझ्या डोक्यावरचे चार केस पांढरे झाले. साहेबांनी मोजून सांगितले.

दोन्ही ठिपके निळे.

"म्हणजे फेल!"

"तसं नाही हो. त्या जंतूंशी याची कधीतरी गाठ पडली होती, एवढंच कळलं. आज आजार आहे का, हे नुसत्या ठिपक्यावरून सांगता येत नाही. पण लंगडतोय, तर गोळ्या देऊ."

"पास का फेल, एक काय ते सांगा!"

"दोन्ही."

अख्ख्या नोकरीत साहेबांना असं उत्तर कुणी दिलं नव्हतं. ते खुर्ची समजून पेटत्या शेगडीवर बसता बसता वाचले.

महिनाभर भाकरीतून गोळ्या गेल्या आणि बाड्या असा पळू लागला की, सकाळी सुटला तर पार लांब खर्ड्याच्या किल्ल्याला वळसा घालून चहाला घरी हजर. डॉक्टर साहेबांना म्हणाले, "आता परत टेस्ट करून उपयोग नाही. बरा झाला तरी अँटिबॉडी कितीतरी दिवस रक्तात राहतात. ठिपका निळाच येईल. मुलीला सांगा, ठणठणीत आहे, घेऊन जा."

"निळाच येईल?" साहेबांचा चेहरा एकदम उजळला. "नक्की ना?"

वर्ष संपून सुनंदा अमेरिकेत परतली तेव्हा तिचा फोन आला. मी समोरच बसलो होतो. अमेरिकेपर्यंत पोचावं म्हणून साहेब ओरडून बोलत. खरं तर फोनची गरजच नसे. "पॉझिटिव्ह आहे, पोरी! अट तुझीच आहे!" यात एक अक्षर खोटं नव्हतं. डॉक्टरांचं बाकीचं बोलणं तेवढं अमेरिकेला गेलं नव्हतं. बाड्या टेबलावरून उडी मारून भुंकला, तशी साहेबांनी रिसीव्हरवर हात दाबला.

"साहेब, तपासणी खात्याला शोभतं का हे?" मी हळूच म्हणालो.

"गप बसा हो!"

मग पलीकडून सुनंदा बराच वेळ बोलली. साहेबांचा आवाज उतरत उतरत नुसता "हं, हं" वर आला. त्यांनी फोन ठेवला.

"काय म्हणाली?"

"माझ्याच्यानं त्याचं नीट होत नाही म्हणाली. त्याला बरं करायला दिवाळीला स्वतः येते. महिनाभर राहते."

त्यांनी बाड्याला जवळ ओढलं आणि माझ्याकडे पाठ करून त्याच्या अंगावर गोचीड शोधायला लागले. एकही नव्हती. तरी कितीतरी वेळ ते शोधतच होते.