नोंदणीकृत अंध

आमच्या मोहगावच्या गुणवंताला जन्मापासून दिसत नाही, ही बाब शासनदरबारी एकतीस मार्चपर्यंत खरी होती. एक एप्रिलला त्याच्या दिव्यांग कार्डाची मुदत संपली आणि ही बाब विचाराधीन झाली.

गुणवंता पोरांना पेटी शिकवायचा. पांढुर्ण्याच्या एका शाळेत संगीत शिक्षकाची राखीव जागा निघाली होती. पंधरा तारखेपर्यंत चालू कार्ड हवं होतं. नूतनीकरण फक्त वेबसाइटवर. तिच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत ‘सर्वांसाठी सुलभ’ लिहिलेलं आहे, हे त्याला बायकोनं, मंगलानं, वाचून दाखवलं. पडद्यावरचं बोलून दाखवणारा फोन गुणवंता सराईतपणे वापरायचा. पण ही साइट उघडली की फोन म्हणायचा, “बटन. बटन. चित्र. बटन.” कोणतं बटन कशाचं, हे बनवणाऱ्यानं आत लिहिलंच नव्हतं. शेवटी आपण यंत्र नसून माणूस आहोत हे सिद्ध करण्यासाठी नऊ चित्रांतून बस असलेली चित्रं निवडायची होती.

“मी भरून देऊ का?” मंगलानं विचारलं. पण खाली घोषणापत्र होतं : हा अर्ज मी स्वतः, कोणाच्याही मदतीशिवाय भरला आहे.

“मास्तर व्हाले निघालो अन् पयलेच खोटं लिहू?” गुणवंता म्हणाला आणि बसनं सौसरच्या कार्यालयात गेला.

लिपिक भूपेंद्रनं त्याला खुर्ची दिली, चहा मागवला.

“चार दिवसांपासून दाबून राहिलो, साहेब. नुसतं बटन-बटन बोलते.”

“तक्रार ऑनलाइनच करा लागते, भाऊ. त्याच साइटवर. खालच्या कोपऱ्यात हिरवं बटन हाय, दिसतेच.”

अधिकारी रघुनाथराव मात्र संवेदनशील निघाले. त्यांनी तातडीनं साइटची चाचणी लावली. चाचणी अंध व्यक्तीनंच द्यावी, असा नियम होता.

“मी देतो न,” गुणवंता म्हणाला.

“तुमचं कार्ड संपलंय. कार्यालय सध्या तुम्हाला अंध मानू शकत नाही.”

“मंग मले दिसून राहिलं का, साहेब?”

“तसंही कार्यालयाचं म्हणणं नाही.”

तेव्हा रीतसर आदेश काढून भूपेंद्रला अर्ध्या तासापुरतं अंध करण्यात आलं. शेजारच्या टेबलावरच्या पूनम मॅडमनी आपला दुपट्टा त्याच्या डोळ्यांवर बांधला आणि शेजारी उभ्या राहिल्या. “थोडं डावीकडे… हं, दाब. बस दुसऱ्या, पाचव्या अन् आठव्या चित्रात.” चार मिनिटांत अर्ज भरून झाला. अहवालात नोंद झाली : अंधास कोणतीही अडचण आढळली नाही. पूनम मॅडमनी केलं ती मदत नव्हती; ते मार्गदर्शन होतं.

पंधरा तारीख गेली. जागा दुसऱ्याला मिळाली. त्या दिवशी गुणवंतानं शिकायला आलेली पोरं परत पाठवली. “मले गाणं येते का, हे तं कोणी विचारलंच नाई,” एवढंच तो मंगलाला म्हणाला.

मे महिन्यात साइटला सुलभतेचा पुरस्कार मिळाला. समारंभात स्वागतगीतासाठी गुणवंताला बोलावलं. त्यानं मन लावून पेटी वाजवली. मग त्याच्या हातात पुष्पगुच्छ देऊन साहेबांबरोबर फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तो फोटो गावाच्या ग्रुपवर आला आणि एकशे बारा जणांनी हात जोडले.

गुणवंतानं आवाजी निरोप टाकला, “फोटोत काय हाय, कोणी सांगा न.”

उत्तरादाखल सत्तावन्न अंगठे आले. त्यातला एक माझा. तुमचा तुम्ही शोधा.