अण्णा आणि न ऐकणाऱ्या नसा

आमचे शेजारी शंकरअण्णा कुणाच्याही घरी गेले की चहाआधी यजमानाच्या दंडाला पट्टा बांधून प्रेशर बघतात. के. आर. पुरमच्या आमच्या गल्लीत पोस्टमनसुद्धा त्यांची चाहूल घेऊन मगच जिना चढतो. बोलताना ते खुर्चीभोवती फिरत राहतात. मान आपली दुखते.

सारी नोकरी त्यांनी एका प्रयोगशाळेत काढली. बकरीच्या रक्तवाहिनीचा बांगडीएवढा नव्हे, अंगठीहून लहान तुकडा हुकांना अडकवून कोमट खारट पाण्यात टांगायचा. औषधाने आवळायचा. मग प्रोजेस्टेरॉन टाकून तो किती सैल पडतो ते मोजायचं.

"पोटुशी बाईच्या अंगात हेच हार्मोन वाढतं, अक्का. नसांच्या स्नायूंना म्हणतं, स्वल्प सैल व्हा, रक्त जाऊ द्या. बहुतेक ऐकतात."

हे ते रिक्षावाल्यालाही सांगतात. भाजीवालीने एकदा विचारलं, "आणि न ऐकणाऱ्या?" अण्णा निवडलेला दुधी तिथेच टाकून चालू लागले.

माझ्या रेवाच्या डोहाळजेवणाला मी त्यांना मुद्दाम बोलावलं नाही. रेवा फुलांनी मढून झोपाळ्यावर बसली, आता ओटी भरायची, तेवढ्यात अण्णा दारात.

"सकाळी जिन्यात बघितलं, पाय सुजलेत हिचे. दंड दे, बाळ."

"अण्णा, बायका बसल्यात."

"बसू देत."

दंडावर मोगऱ्याचा बाजूबंद होता. अण्णांनी कात्रीने कापला. माझी नणंद म्हणाली, "सरी, बरं झालं. आता पट्ट्याला हळदकुंकू वाहायचं तेवढं राहिलं." बायका हसल्या, मीही हसले.

पट्टा फुगला, उतरला, पुन्हा फुगला. अण्णांनी आकडा सांगितला नाही. "गाडी काढा," म्हणाले.

हॉस्पिटलने रेवाला ठेवून घेतलं. जावई आनेकलच्या कारखान्यातून निघाले होते, पोचायचे होते. बाहेर अण्णांच्या येरझारा.

"बसा हो," मी वैतागून म्हणाले.

"कमलाचेही पाय सुजले होते. सातवाच महिना." कमला म्हणजे त्यांची वारलेली बायको, वीस वर्षांत हे नाव मी त्यांच्या तोंडून प्रथम ऐकलं. "डोकं दुखतंय म्हणाली फोनवर. मी म्हटलं, झोप, येतो. प्रयोग चालू होता, अक्का. नस फार छान सैल पडत होती."

दार उघडलं. "प्रेशर उतरतंय," नर्स कन्नडात म्हणाली. "एकानेच आत या. कोण?"

मी उठले होते. अण्णांकडे बघितलं.

"हे येतील. मुलीचे काका," असं सांगून मी परत बाकावर बसले.