पूजेतली तबकडी

डॉक्टर पद्माकर साठ्यांना रेगे संगीताच्या एका आल्बमचं वेड लागलं होतं आणि तो आल्बम त्यांनी धड ऐकलेलाच नव्हता. साउथहॅम्प्टनमधलं त्यांचं घर शेजारच्या घराला चिकटलेलं. मधली भिंत गाणं अडवून ठेवी आणि बेसचे दणके तेवढे पाठवी. पलीकडचे डेल्रॉय मूळचे जमैकाचे, गोदीतून रिटायर झालेले. सत्तरच्या दशकातली ती तबकडी ते दर रविवारी लावत. दणके ऐकून ऐकून साठ्यांना शब्दांची ओढ लागली. त्यांनी कुंपणावरून मैत्री वाढवली, गवत कापायचं यंत्र वापरायला दिलं, बायकोच्या, वैजयंतीच्या हातच्या चकल्या पोचवल्या. अखेर, कधी कुणाला न दिलेली ती तबकडी डेल्रॉयनी एका संध्याकाळपुरती त्यांच्या हातात ठेवली.

चॅरिटी शॉपमधून मुद्दाम आणलेल्या जुन्या रेकॉर्डप्लेअरवर साठ्यांनी ती अलगद ठेवली. एवढ्यात खिशातला हॉस्पिटलचा पेजर वाजला. कुणाला तरी भूल द्यायची होती, म्हणून ते हळहळत गेले.

परत आले तर हॉलमध्ये खंडेनवमीची पूजा मांडलेली. पाटावर स्टेथोस्कोप, लॅपटॉप, मिक्सर आणि मधोमध प्लेअर. तबकडीवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक, हळद, अक्षता, वर शेवंतीचं फूल.

"वैजयंती, हे काय केलंस?"

"वाद्यच ना ते? पूजा नको त्याची? आणि आता हात लावू नका. पूजेतलं उद्यापर्यंत वापरायचं नसतं."

ती शिरा बघायला किचनमध्ये वळताच साठ्यांनी कापूस आणि स्पिरिट काढलं. अक्षता वेचल्या तर हळद खाचांत उतरली. कडेचं कुंकू पुसलं तर लेबल गुलाबी झालं. अवघी हयात माणसं शुद्धीवर आणण्यात गेली, पण ही तबकडी काही दाद देईना. वैजयंतीची चाहूल लागली तसं त्यांनी फूल घाईघाईनं त्या गुलाबी डागावर ठेवलं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात डेल्रॉय.

भिंतीतून काहीच ऐकू येत नाही, मशीन बिघडलं का, अशी त्यांना काळजी वाटली होती. साठे दार अडवून उभे राहिले. वैजयंतीनं मात्र अभिमानानं डेल्रॉयना आत नेलं आणि ज्या वस्तूंवर आपलं जगणं चालतं त्यांना आम्ही वर्षातून एकदा नमस्कार करतो, हे इंग्रजीत समजावून सांगितलं.

डेल्रॉयनी वाकून ते फूल बघितलं. मग त्यांनी टोपी काढली.

"तीस वर्षं शेजारी याच रेकॉर्डसाठी माझं दार ठोठावतात," ते हळूच म्हणाले. "आवाज कमी करा म्हणून. फूल कुणी वाहिलं नव्हतं." त्यांचे डोळे भरून आले. साठ्यांचा जीव भांड्यात पडला.

"आता हिला सुई लावायची नाही," डेल्रॉय म्हणाले. "कधीच नाही."

रविवारी ती हळदकुंकवासकट काचेच्या फ्रेममध्ये, डेल्रॉयच्या भिंतीवर गेली. डेल्रॉयचे हात थरथरत, म्हणून खिळा ठोकायला साठे स्टुलावर चढले.

"अहो, पण गाणी कसली होती हो त्यात?" खालून वैजयंतीनं विचारलं.

साठ्यांनी तिला फ्रेम सरळ धरायला सांगितलं.