खिडकी काढली!

सूनबाईंनी दवाखान्यातून गवंड्याला फोन केला, तो त्यांच्या मते अगदी स्पष्ट शब्दांत. "बाबांच्या खोलीत खिडकी काढायचीय. आजच्या आज. चौकटीचं मागाहून बघू."

घाईला कारण होतं. सासऱ्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. आता महिना-दीड महिना उताणं पडून राहायचं. सारा जन्म बस चालवण्यात गेलेला माणूस. समोर रस्ता नसला की त्यांचा जीव घुसमटे. आणि त्यांच्या खोलीतली एकुलती एक खिडकी नेमकी पलंगाच्या उशाशी, समोर नुसती कोरी भिंत. पलंग फिरवावा तर दार उघडत नव्हतं.

"भिंतच बघायची तर इथली काय वाईट आहे?" म्हणत बाबा दवाखान्यातच हटून बसले होते. म्हणजे पडले होते. शेवटी सूनबाईंनी शब्द दिला, "तुम्ही घरी याल तेव्हा समोर खिडकी असेल."

दुपारी त्या पुढे घरी आल्या आणि खोलीच्या दारातच थिजल्या. समोरची भिंत जशीच्या तशी होती. उशाशी मात्र भलंमोठं भगदाड पडलं होतं, आणि काळ्या काचांची जुनी खिडकी चौकटीसकट टेबलावर, कोऱ्या भिंतीला टेकून उभी होती. गवंडी तिच्यावरची धूळ मायेनं पुसत होता.

"हे काय केलंत?"

"काढली की, वहिनी! एक काच तडकू दिली नाही."

"अहो, काढा म्हणजे नवीन काढा!"

"मग 'पाडा' म्हणायचं. भिंतीत खिडकी पाडतात."

"पाडा म्हटलं असतं तर तुम्ही घर पाडलं असतंत!"

एवढ्यात खाली रुग्णवाहिका आलीच. गवंड्यानं दोन खिळे ठोकून भगदाडावर चादर टांगली आणि मागच्या दारानं काढता पाय घेतला. बाबांना पलंगावर निजवलं, सोबत आलेल्या त्यांच्या मुलानं उशी सारखी केली, सूनबाई मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवू लागल्या. तोच वाऱ्याची झुळूक आली आणि खिळ्यांसकट चादर बाबांच्या तोंडावर पडली.

कुणी हललं नाही. बाबांनीच सावकाश चादर बाजूला केली, समोर पाहिलं आणि पाहतच राहिले.

काळ्या काचांत आख्खी गल्ली उतरली होती. झाडाचा शेंडा, दोरीवरचे कपडे, वळणावरून येणारी बस. त्या सगळ्यावरून ढग चालले होते, जिथे सकाळपर्यंत नुसता चुना होता तिथे. मुलगा औषधाची पिशवी हातात धरून तसाच उभा राहिला. सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माफीची वाक्यं विसरली ती विसरलीच.

"वा! काय खिडकी काढलीय!" बाबा पुटपुटले. मग डोळे बारीक करून म्हणाले, "समोरचा शिंपी डावरा कधी झाला?"

"बाबा, काचेत उलटंच दिसतं," मुलगा म्हणाला.

"मला आरसा शिकवतोस? पाठीमागचं जग मी जन्मभर आरशातच बघितलंय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी सिमेंटची पाटी घेऊन ओशाळ्या चेहऱ्यानं दारात उभा राहिला. "वहिनी, आता नक्की काय काढू ते एकदा नीट सांगा."

आतून बाबांचाच आवाज आला.

"आधी चपला काढ. आणि ये, इथे उशाशी बस. बस वळणावर आलीय."