कालिंदीबाई नाव घेतात

विनायकराव लाँचवर नाहीत हे सगळ्यांच्या लक्षात आलं, तेव्हा चहा गाळून झाला होता आणि एक कप उरला होता.

"दाजी खाली झोपले असतील," मनोहर म्हणाला. ही जुनी लाँच त्याची. कलकत्त्यात धंदा करून माणसाला चार पैसे मिळाले की त्याला काहीतरी सुचतं, तशी त्याला ही सुचली होती. नुकत्याच बदली होऊन आलेल्या बहिणीला, कालिंदीबाईंना, आणि मेहुण्यांना समुद्र दाखवायचा, म्हणून तो सगळ्यांना डायमंड हार्बरहून नदीच्या मुखाकडे घेऊन आला होता. ओहोटीत उघड्या पडलेल्या वाळूच्या बेटावर पुरी-भाजी आणि श्रीखंड झालं. मग मंडळी होडक्यानं लाँचवर परतली. पहिल्या खेपेतल्यांना वाटलं, विनायकराव मागून येतील. दुसऱ्या खेपेतल्यांना वाटलं, ते पुढे गेले.

त्याची मुलगी लीना खाली जाऊन आली. "काका नाहीत."

कालिंदीबाईंनी बेटाकडे पाहिलं आणि त्यांच्या हातातली गाळणी पाण्यात गेली. दूर वाळूवर एक काळी छत्री उघडी होती. छत्रीखालून दोन पाय बाहेर आले होते. ते पाय कालिंदीबाईंनी लांबूनही ओळखले.

"मी आत्ता होडकं घेऊन जातो, ताई," मनोहर म्हणाला आणि लाँचच्या मागे गेला. होडकं तिथं नव्हतं. ते त्यानं स्वतःच्या हातानं, कुणाला हात लावू न देता बांधलं होतं. आता ते निवांतपणे कलकत्त्याच्या दिशेनं चाललं होतं.

"कलकत्त्याच्या दिशेनं कसं?" सुचित्रावहिनींनी नवऱ्याला विचारलं. "पाणी तर समुद्राकडे जात होतं ना?"

मनोहरचा चेहरा पांढरा पडला. भरती सुरू झाली होती.

लाँच चालवणारा म्हातारा सारंग बंगालीत काहीतरी म्हणाला. लीनानं मराठी केलं, "या बाजूला चिखल आहे, लाँच अडकेल. बेटाच्या त्या टोकाला पाणी खोल आहे, तिथं लाँच लागेल. पण काकांनी तिथपर्यंत चालत यायला पाहिजे. आणि बेट आता बुडणार."

म्हणजे विनायकरावांना फक्त उठवायचं होतं. हे ऐकून कालिंदीबाई मटकन खाली बसल्या. ते काम किती अवघड आहे हे त्या एकट्याच जाणत होत्या.

लाँच त्या टोकाला गेली. भोंगा वाजवला. विनायकरावांनी कूस बदलली. नदीवर बोटी सकाळपासून भोंगे वाजवत होत्या, त्यात आणखी एक. मनोहर "दाजी, दाजी" करून घसा फोडत होता. सारंगानं डबा बडवला. पाणी छत्रीच्या दांड्याला लागलं.

"वन्सं, तुम्ही हाक मारा," सुचित्रावहिनी म्हणाल्या. "तुमचा आवाज ओळखतील."

कालिंदीबाई कठड्याला धरून ओरडल्या, "अहो!"

मनोहर आणि सारंग दोघेही वळून पाहू लागले. विनायकराव हलले नाहीत. जन्मभर ऐकलेल्या 'अहो'नं माणूस उठत नाही.

"आत्या, नाव धरून बोलाव ना," बंगाली शाळेत वाढलेली लीना म्हणाली.

"वेडी का काय तू? नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं. सासूबाईंनी बजावलंय."

"आणि नाही घेतलं तर?"

कालिंदीबाईंनी पाण्याकडे पाहिलं. त्यांना खरोखरच रडू फुटलं. मग त्यांना उखाण्याची पळवाट आठवली. पदर सावरून, डोळे पुसत त्या ओरडल्या,

"गंगेला आली भरती, पाणी लागलं वाढू,
विनायकरावांना झोपेतून कशी बरं काढू!"

"वा, छान," सुचित्रावहिनी सवयीनं म्हणाल्या आणि जीभ चावली. त्या चालीवर विनायकरावांची झोप आणखीच गाढ झाली. तेवढ्यात छत्री उचलली गेली आणि तरंगत निघाली.

मग कालिंदीबाईंच्या तोंडून जे बाहेर पडलं, ते त्या घराण्यात कुठल्याही सुनेच्या तोंडून पडलं नव्हतं.

"विनायक! ऊठ! ऊठ म्हणते ना मेल्या!"

सुचित्रावहिनींनी तोंडावर पदर धरला. बेटावर विनायकराव ताडकन उभे राहिले, "आलो, आलो" म्हणाले आणि वहाणा हातात घेऊन, गुडघाभर पाण्यातून, शहाण्या मुलासारखे आवाजाच्या दिशेनं चालत आले. मनोहर आणि सारंगानं त्यांना वर ओढून घेतलं.

निथळत्या धोतरानं ते बाकावर बसले. मग नदीला हात जोडून म्हणाले, "आई आली होती."

लीनानं कालिंदीबाईंकडे पाहिलं.

"स्पष्ट हाक ऐकली. मला एकेरीत बोलावणारं आता जगात आहे कोण? शेवटी आईच धावली. नाहीतर तुम्ही इतकी माणसं इथं, एकाच्या घशातून आवाज निघाला नाही."

लीना सांगायला पुढे झाली. कालिंदीबाईंनी तिला मागे ओढलं. झालं ते झालं, माणूस जिवंत आहे, श्रेय सासूबाईंना गेलं तर जाऊ दे, असं त्यांनी मनाशी ठरवलं. सासूबाईंच्या हाताखाली वीस वर्षं काढलेल्या बाईला एवढं जड नव्हतं.

"आईसारखी काळजी दुसऱ्या कुणाला नसते," विनायकराव पुढे म्हणाले. "बायकोलासुद्धा नाही. घरी गेलो की तिची तसबीर स्वयंपाकघरात लावू. तुझ्या ओट्याच्या अगदी समोर."

कालिंदीबाईंनी हातातला कप खाली ठेवला.

"ती मी होते, विनायक."

विनायकरावांनी मनोहरकडे पाहिलं. मनोहरनं मान डोलावली. त्यांनी वहिनींकडे पाहिलं, लीनाकडे पाहिलं, शेवटी सारंगाकडेही पाहिलं. त्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. बेट एव्हाना दिसेनासं झालं होतं, पण त्यांना त्याचं काहीच वाटत नव्हतं.

मग ते बाकावर जरा सावरून बसले.

"अहो," ते बायकोला हळूच म्हणाले, "जरा पंचा देता का?"